साबणाचं पाणी आणि गणिताची धास्ती

बारावीनंतर वास्तुकलेला जायचंय, वही शंख, लाटा, नदीची वळणं यांसारख्या इमारतींनी भरलीय, पण गणिताशी पटत नाही; गणित टाळून सेंद्रिय वास्तुकला, म्हणजे निसर्गातल्या आकारांशी नातं सांगणाऱ्या इमारती, करता येईल का, असं तू विचारलं आहेस.

नाही येणार. लाटेसारखं छप्पर कागदावर काढणं सोपं. ते उभं राहतं भूमितीच्या जोरावर. पण ही भूमिती तुला वाटते तशी रुक्ष नाही. हाइन्झ इस्लर हा स्विस अभियंता हिवाळ्यात ओलं कापड टांगून ठेवायचा. ते स्वतःच्या वजनाने झोळ घ्यायचं आणि पाणी गोठलं की तसंच कडक व्हायचं. तो आकार उलटा केला की कापडातल्या ताणाच्या जागी दाब येतो, आणि दाब सोसण्यात काँक्रीट पटाईत! म्हणून स्वित्झर्लंडमध्ये डाइटिंगेन इथली त्याची १९६८ची छपरं ३० मीटरच्या आसपास पसरूनही १० सेंटिमीटरपेक्षा पातळ आहेत.

जर्मनीचा फ्राय ओटो तारेच्या चौकटी साबणाच्या पाण्यात बुडवायचा. त्यात तयार होणारा पडदा कमीत कमी क्षेत्रफळ घेतो, ताणही सगळीकडे सारखा. म्युनिकच्या १९७२च्या ऑलिंपिक छपरांमागे असेच प्रयोग होते.

अमेरिकेतल्या फॉलिंगवॉटर या प्रसिद्ध घराचा फोटो तू पाठवलास. घर देखणं आहे, वाद नाही. पण धबधब्यावर झेपावणारे त्याचे सज्जे हळूहळू झुकत गेले आणि २००२मध्ये पोलादी केबल ताणून सावरावे लागले. हेही त्या फोटोसोबत लक्षात ठेव.

प्रवेशाचं ठरवण्याआधी एक कर. भिंतीवर साखळी दोन टोकांनी टांग, आकार कागदावर उतरव, कागद उलटा धर. कमान दिसेल. टोकं जवळ-लांब करून पुन्हा बघ. ‘हा आकार असाच का वळला?’ हा प्रश्न डोक्यातून जाईना, तर स्थापत्य अभियांत्रिकीचाही विचार कर; इस्लर त्याच वाटेने आला. ‘या कमानीखाली बसल्यावर कसं वाटेल?’ याकडेच मन धावलं, तर वास्तुकला. ओटो वास्तुविशारदच होता.

पोर्टफोलिओत शंखांची सुबक चित्रं कमी कर, फसलेले प्रयोग टिपणांसह ठेव. परीक्षकांनी शंख पुष्कळ पाहिलेत. आणि प्रत्येक छपरावर पावसाचं पाणी कुठून उतरेल ते बाणांनी दाखव. तुझ्या वहीतल्या वाचनालयाच्या छपराला मधोमध खोलगट भाग आहे, तिथूनच सुरुवात कर.