रशियन डिस्चार्ज पेपर लात्व्हियनमध्ये करून घेताना

ताई, तुमच्या वडिलांची अँजिओप्लास्टी सेंट पीटर्सबर्गला झाली, आता रीगातली विमा कंपनी कागद लात्व्हियनमध्ये मागतेय आणि तुम्ही विचारताय की इथे रशियन तर कितीतरी जणांना येतं, मग कुणाकडूनही करून घेतलं तर चालेल का. वाचून पोटात गोळाच आला. बायकोच्या ऑपरेशनच्या कागदांवरून आम्ही हेच भोगलंय.

अधिकारपत्र, पासपोर्टच्या प्रती वगैरे तुम्ही बघालच. घोळ होतो तो पुढे. नोटरी फक्त अनुवादकाची सही प्रमाणित करतो, मजकुराची हमी देत नाही. आम्ही ज्या एजन्सीकडे गेलो (नाव नको) तिथे 'सगळ्या भाषा, सगळे विषय' अशी पाटी होती. काम दिलं करारनामे करणाऱ्या माणसाला. रशियन डिस्चार्ज पेपरात, म्हणजे 'विपिस्का'त, पूर्वीच्या आजारांची ठरावीक ओळ असते: क्षयरोग, हिपॅटायटिस, मधुमेह आणि शेवटी 'ओत्रित्साएत', म्हणजे रुग्ण नाकारतो. आमच्या कागदावर त्या क्रियापदाचं नुसतं 'ओत्र.' होतं. बहाद्दराने तेवढंच गाळलं आणि धडधाकट बाईला हे सगळे आजार होऊन गेले!

विमा कंपनी म्हणाली, सुधारित नोटराइज्ड प्रत आणा. एजन्सी म्हणाली, नोटरीचा शिक्का आहे म्हणजे बरोबरच आहे. नोटरी म्हणाला, मी सही पाहिली. दोऱ्याने शिवून शिक्का मारलेला गठ्ठा, त्यातलं एक पान बदलता येत नाही. सगळं नव्याने, पैसेही नव्याने. त्या एजन्सीच्या काउंटरवरची बाई आमच्याशी बोलताना नखं रंगवत होती, ते अजून डोक्यात जातं.

माझं मत, पटलं तर घ्या: एजन्सीला 'किती दिवसांत' हे नंतर विचारा, आधी 'कोण करणार' ते विचारा. लात्व्हियन मातृभाषा असलेला आणि वैद्यकीय कागद नेहमी करणारा माणूस हवा. घरी रशियन बोलणारे काही जण लात्व्हियन छान बोलतात, पण लेखी वैद्यकीय लात्व्हियन ही वेगळी गोष्ट आहे. लात्व्हियातल्या दुभाषे आणि अनुवादकांच्या संघटनेकडे चौकशी करा, थेट माणूस गाठता येतो. शिवण्याआधी कच्ची प्रत मागाच आणि नकार, आकडे, डावं-उजवं ताडून बघा. संज्ञांसाठी 'टर्मिनी' हे सरकारी संकेतस्थळ आहे, 'ह्यूगो' हे सरकारी यंत्रभाषांतरही आहे, पण ते स्वतःला समजून घेण्यापुरतं. दर साधारणपणे 1800 अक्षरांच्या पानावर असतो, तेव्हा स्कॅनची पानं मोजू नका.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. नियम नोटरीलाच विचारा. आणि फक्त उपचारासाठी कागद लागत असतील तर आधी मूळ प्रतच डॉक्टरांना दाखवा. इथल्या जुन्या डॉक्टरांना रशियन सहसा वाचता येतं, उगाच खर्च कशाला.

नावांचंही बघा. लात्व्हियनमध्ये परकी नावं उच्चाराप्रमाणे लिहून शेपूट लावतात, राहुलचा 'राहुल्स' होतो. पासपोर्टमधलं स्पेलिंग कंसात घालून घ्या.

नाव-पत्ता झाकून पूर्वीच्या आजारांच्या ओळीचा फोटो इथे टाका, तेवढं बघून सांगतो.