कृत्रिम गुडघ्यात जंतुसंसर्ग आहे की नाही, हे नक्की कसं ठरवतात?

तुम्ही लिहिलंय की आईंचा गुडघा बदलून सात महिने झाले, टाके छान भरले, पण गुडघा अजून ठणकतो, हाताला गरम लागतो, थोडी सूजही आहे. ताप नाही. सीआरपी (शरीरात कुठे सूज किंवा संसर्ग असला की वाढणारी रक्ताची तपासणी) २४ आला. जवळच्या डॉक्टरांनी अँटीबायोटिकचा कोर्स लिहून दिलाय, तो सुरू करावा का, असं तुम्ही विचारलंय.

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते, ऑर्थोच्या ऑपरेशन थिएटरमधून येणारे नमुने आमच्याकडेच लागतात. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. आईंना थंडी वाजून ताप, ग्लानी, धाप असं काही नसेल, तर पहिली गोळी पोटात जाण्याआधी गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला जायला हवं. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनना याच आठवड्यात दाखवा. थंडीताप आलाच तर मात्र थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा. तिथे आधी कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, रक्त घेतील आणि लगेच औषध सुरू करतील.

एवढा आग्रह धरण्याचं कारण असं. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला बुळबुळीत थर धरतो ना, तसाच थर जंतू इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या, धातूवर आणि प्लॅस्टिकवर धरतात. वरचं पाणी स्वच्छ दिसतं, भिंत मात्र बुळबुळीतच. गोळ्यांनी पाण्यात सुटे फिरणारे जंतू मरतात, दुखणं थोडं कमी होतं, सीआरपी उतरतो, सगळ्यांना हायसं वाटतं. थराला धक्काही लागलेला नसतो. कोर्स संपला की काही आठवड्यांत सूज परत, आणि आता पाणी काढलं तर कल्चरचा रिपोर्ट येतो ‘नो ग्रोथ’. जंतू आहे, पण त्याचं नाव कळत नाही, आणि नाव कळल्याशिवाय औषध नेमकं निवडता येत नाही. असे पेशंट बघून मला फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येण्यासारखं असतं.

कोर्स आधीच सुरू झाला असेल तर मनाने बंद करू नका. पेशंटची तब्येत स्थिर असेल तर सर्जन साधारण दोन आठवडे अँटीबायोटिक बंद ठेवून मग पाणी काढतात, पण तो निर्णय त्यांचा.

आता सीआरपीबद्दल. आधी रिपोर्टवरचं एकक बघा. २४ मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर तो वाढलेला आहे, कारण जुन्या दुखण्यात संशयाची रेषा १० ला धरतात. काही लॅब प्रति डेसिलिटर देतात, तिथे हीच रेषा १ ला येते. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत सीआरपी वर जातो आणि काही आठवड्यांत खाली येतो. त्यामुळे सात महिन्यांनंतरचा २४ ऑपरेशनच्या खात्यावर टाकता येणार नाही. पण आईंना आमवात असेल किंवा लघवीचं इन्फेक्शन असेल तरी तो वाढतो. उलट काही संथ जंतू असे असतात की सीआरपी नॉर्मल राहतो आणि आत संसर्ग चालूच असतो. म्हणून सीआरपीकडे इशारा म्हणून बघा, निकाल म्हणून नाही. एक्स-रे काढतीलच, तो काढावा. बोन स्कॅनवर (हाडात हालचाल चालू असलेली जागा उजळून दाखवणारी तपासणी) मात्र आत्ता पैसे घालू नका, असं माझं मत आहे. सांधा बदलल्यावर पहिलं वर्षभर, कधी त्याहून जास्त, संसर्ग नसतानाही सांधा त्यात उजळलेला दिसतो.

खरी माहिती मिळते ती पाण्यातून. आईंच्या पाण्यात पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरला ३,००० च्या वर असतील आणि त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असतील, तर संशय बळावतो. इथे एक घोळ नेहमी होतो. स्वतःच्या, म्हणजे न बदललेल्या, सांध्यात पू झालाय म्हणायला ५०,००० चा आकडा डोक्यात असतो. त्या हिशेबाने ६,००० पेशी बघून ‘किरकोळ सूज’ म्हटलं जातं. बदललेल्या गुडघ्यात ६,००० किरकोळ नव्हेत. (ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत मात्र रेषा १०,००० ला धरतात. आईंना ती लागू नाही.)

पाणी थिएटरसारख्या स्वच्छतेत काढायला हवं. थोडं पेशी मोजायला जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, आणि थोडं तिथल्या तिथे ब्लड कल्चरच्या बाटलीत. कापसाच्या काडीवर पुसून आणलेला स्वॅब आला की माझा जीव खाली-वर होतो. त्यावर जेमतेम थेंब असतो, आणि तोही बऱ्याचदा कातडीवरचा. फॉर्मवर ‘कृत्रिम सांधा, १४ दिवस ठेवा’ असं सर्जनकडून लिहून घ्या. नाहीतर नेहमीच्या नमुन्यासारखा दोन-तीन दिवसांत निगेटिव्ह रिपोर्ट निघून जातो. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जंतू, जो खांद्याच्या इम्प्लांटमध्ये जास्त सापडतो, पहिल्या आठवड्यात कित्येकदा दिसतही नाही. मग एखाद्या सकाळी कल्चरच्या प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरट ठिपके उमटलेले असतात.

दुसरी पंचाईत स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसची. तो आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतो आणि इम्प्लांटवर थर धरण्यातही पटाईत. एकाच नमुन्यात सापडला तर तो सुईबरोबर आत आला की आधीच आत होता, हे मी प्लेटकडे बघून सांगू शकत नाही. म्हणून नियम असा की तोच जंतू निदान दोन वेगळ्या नमुन्यांत सापडला, किंवा सांध्यापर्यंत जाणारं वाहतं छिद्र कातडीवर दिसलं, तर संसर्ग पक्का. एवढं स्पष्ट नसेल तर २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत रक्त, पाणी आणि ऑपरेशनमधली निरीक्षणं यांना गुण देऊन बेरीज करतात.

पुढे गुडघा उघडायची वेळ आलीच, तर वेगवेगळ्या जागांचे पाचेक तुकडे, प्रत्येक वेगळ्या हत्याराने काढून, वेगवेगळ्या डबीत पाठवायला हवेत. शिवाय एक तुकडा पॅथॉलॉजीला. आपल्याकडे क्षयाचा विचारही हवाच. तो साध्या कल्चरमध्ये उगवत नाही, त्याची तपासणी वेगळी मागावी लागते आणि कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. इम्प्लांट काढला तर तो फेकू नका म्हणावं. निर्जंतुक डब्यात द्रवात बुडवून अल्ट्रासाउंडच्या लहरींनी थर झाडतात आणि त्या द्रवाचं कल्चर लावतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००७ मध्ये ३३१ पेशंटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. संसर्ग असलेल्यांत तुकड्यांच्या कल्चरने ६०.८ टक्के पकडले, या पद्धतीने ७८.५ टक्के. आधीच्या १४ दिवसांत अँटीबायोटिक घेतलेल्यांत तुकड्यांचं कल्चर ४५ टक्क्यांवर घसरलं, ही पद्धत ७५ वर राहिली. सगळ्या लॅबमध्ये सोय नसते, म्हणून ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवा.

सर्जनकडे जाताना आजवरचे सगळे सीआरपी, ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि सात महिन्यांत घेतलेल्या प्रत्येक अँटीबायोटिकचं नाव तारखेसकट घेऊन जा. सर्दी-खोकल्यासाठी घेतलेलं असलं तरी लिहा.