रोज खिशात ठेवायला छोटा मल्टिटूल चाकू कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय, काम ऑफिसचं आहे, सुट्टीला पन्हाळा किंवा मसाई पठार असतं, आणि बाइक अडली तर हाताशी काहीतरी हवं. खिशात चाकू ठेवणं कायद्यात बसतं का, हेही विचारलंय. मी कोल्हापुरात उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंग करतो, बारा वर्षं खिशात चाकू आहे. माझं मत स्पष्ट आहे: पातं बघून निवडू नका, कात्री बघून निवडा.

दुधाची पिशवी, कुरिअरची टेप, गोळ्यांचं पाकीट, शर्टाचा सुटलेला धागा, रोजची कापाकापी एवढीच असते. ती कात्रीनं नीट होते, आणि चारचौघांत कात्री काढली तर कुणी दचकत नाही.

मी आधी पकडीचा जाडजूड मल्टिटूल घेतला होता. हत्यार दणकट, पण पँट खाली ओढायचं. पंधरा दिवसांत ते गाडीच्या डिकीत गेलं आणि नेमकं लागायचं तेव्हा जवळ नसायचं. म्हणून ऑफिससाठी व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा क्लासिक एसडी बघा. 58 मिलिमीटर लांब, वजन जेमतेम 21-22 ग्रॅम, किल्ल्यांत अडकतो. त्याच्या नखं घासायच्या कानशीच्या टोकानं चष्म्याचे स्क्रूही फिरतात.

पण तुमची बाइक आणि डोंगर धरले, तर मी त्याच कंपनीचा 91 मिलिमीटरचा सुपर टिंकर घेईन. त्यात कात्री आहेच, शिवाय बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूऐवजी स्टार स्क्रू ड्रायव्हर आहे. बुचाच्या बाटल्या आपल्याकडे कोण उघडतंय? मला सगळ्यांत आवडते ती पाठीमागची आरी, म्हणजे भोक पाडायचा टोच्या. तिला दोरा ओवायला भोक असतं. पन्हाळ्याच्या वाटेवर सॅकचा पट्टा उसवला, तेव्हा तिनंच दोन टाके घालून घरापर्यंत आलो.

एक जपा. या दोन्हींचं पातं लॉक होत नाही, मागच्या स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं. ओढून कापा, टोचू नका. मी पात्याच्या टोकानं करवंटीला भोक पाडायला गेलो, पातं मिटलं आणि तर्जनीला चार टाके पडले.

वीस-पंचवीस हत्यारांचे स्वस्त चाकू रस्त्यावर मिळतात, ते नकोत. घेताना पातं उघडून बाजूला हलवून बघा, खेळ असेल तर ठेवून द्या.

कायद्याचं विचारलंत. शस्त्र नियमांतली मर्यादा 9 इंच लांबी किंवा 2 इंच रुंदीच्या पात्याची आहे, हे चाकू त्याच्या जवळपासही नाहीत. मात्र सण, निवडणुका, आंदोलनं अशा वेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश लागतो आणि त्यात चाकू, सुऱ्या येतात. त्या दिवसांत तो घरी ठेवा. उजळाईवाडीहून विमानानं जाणार असाल तर चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत राहिला तर तिथंच सोडावा लागेल.