केमो चालू असताना ध्यान करू द्यावं का?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही कणकवलीजवळचे. सासूबाईंना ब्रेस्ट कॅन्सर आहे, ऑपरेशन झालंय, आता परळला टाटाला केमो चालू आहे, दर तीन आठवड्यांनी तुतारी एक्स्प्रेसने जातो. हल्ली गाडी ठाण्याला आली की त्यांना मळमळायला लागतं, अजून सलाइन लागायचंय आणि उलटी आधीच! रात्री झोप पण नाही. गणपतीला आलेले माझे चुलत दीर म्हणाले केमो बंद करा, ध्यानाने गाठ विरघळते, दहा दिवसांच्या शिबिराला पाठवा. घरात दोन तट पडलेत. – एक सून

उत्तर : आधी दिरांचं बघू. ध्यानाने गाठ विरघळत नाही, केमोची तारीख चुकवायची नाही, यात दोन मतं नाहीत. हौस असेल तर त्यांनी स्वतः शिबिराला जावं, जाताना तुतारीचं रिझर्व्हेशन करून दिलं तर उपकारच होतील.

पण म्हणून ध्यान टाकाऊ नाही हां. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनांनी 2023 मध्ये सल्ला दिलाय की ट्रीटमेंट चालू असताना आणि नंतरही चिंता, उदासी कमी करायला माइंडफुलनेस, म्हणजे श्वासाकडे, आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचं ध्यान, वापरावं, म्हणजे औषधासोबत, औषधाऐवजी नाही.

आता ठाण्याची उलटी. हे नाटक नाही, घरात कोणी तसं म्हणत असेल तर गप्प करा. आधीच्या केमोला त्रास झाला की मेंदू तो वास, तो रस्ता, ते स्टेशन सगळं त्या त्रासाशी बांधून ठेवतो, मग नुसतं ठाणं दिसलं तरी पोट ढवळतं. एकदा मळमळ सुरू झाल्यावर डोळे मिटून बसा म्हणणं फुकट आहे, म्हणून पनवेल यायच्या आधीच सुरू करायचं. पाठ टेकून बसवा, दातावर दात आवळलेले असतील ते सैल, खांदे खाली, श्वास घ्यायचा नेहमीसारखा आणि सोडायचा जरा लांबवून, रोखायचा अजिबात नाही. त्या नामस्मरण करत असतील तर श्वास सोडताना एक नाम, माळेचा एक मणी, झालं, नवीन काही शिकवायला जाऊ नका. घरी मात्र रोज झोपायच्या आधी दहा मिनिटं सवय हवी, नाहीतर गाडीत ऐनवेळी जमत नाही. आणि डॉक्टरांना ही उलटी स्पष्ट सांगा, यासाठी वेगळ्या गोळ्या असतात, कधीकधी आदल्या रात्रीच देतात.

डोळे मिटले की काहींना उलट जास्तच भीती वाटते, छातीत धडधडतं. तसं झालं तर लगेच थांबवा, डोळे उघडे ठेवून खळ्यात हळूहळू चालत तेच नाम घेऊ द्या, तेही चालतं. टीव्हीवर बघून कपालभाती नको, आणि कोणी पाठवलेला काढा डॉक्टरांना न विचारता बिलकुल नको, केमोच्या औषधांत तो ढवळाढवळ करू शकतो.

शिबिराला मी नाहीच म्हणेन, निदान केमो संपेपर्यंत. केमोनंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात, त्यात गर्दीत राहायचं, मोबाइल जमा करायचा, हे कशाला? त्या दिवसांत ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, पॅरासिटामॉल देऊन झोपवायचंही नाही, रात्री दोन वाजले असले तरी फाइलवरच्या नंबरवर फोन लावायचा आणि जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं, केमोची फाइल सोबत घेऊन.