सोलापुरात तीन रात्री राहायचं तर सात रस्ता ते पार्क चौक या पट्ट्यातच उतरा

तुमचा प्रश्न वाचला. पुण्याहून आई-वडिलांना घेऊन शुक्रवारी रात्रीच्या वंदे भारतने येणार, सोमवारी सकाळच्या गाडीने परत. मधल्या दोन दिवसांत सिद्धेश्वर, अक्कलकोट आणि चादरींची खरेदी. वडिलांचे गुडघे दुखतात. राहायला स्टेशनजवळ बघावं, जुळे सोलापूरला, की हायवेवर स्वस्तात नवीन हॉटेलं दिसतायत तिकडे?

माझा जन्म इथलाच आणि घरी पाहुण्यांचा राबता कायम, त्यामुळे आलेल्या माणसाला कुठे उतरवलं की तो खूश होऊन जातो हे पुष्कळदा पाहिलंय. तुमच्यासारख्यांना मी एकच पट्टा सांगतो: सात रस्ता, रेल्वे लाइन्स, डफरीन चौक, पार्क चौक. यातलं कुठलंही बरं हॉटेल चालेल. कारण सांगतो.

सोलापूर बघायचं म्हणजे मुळात तलावाकाठी जायचं. सिद्धेश्वराचं देऊळ तळ्यात आहे, चारी बाजूंनी पाणी. हे तळं आणि गावाभोवतीची अडुसष्ट लिंगं बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी उभी केली असं आम्ही मानतो. शेजारीच भुईकोट किल्ल्याची तटबंदी. ही जागा सकाळी साडेसहा-सातला बघायची असते. पाण्यावर अजून ऊन उतरलेलं नसतं, हार-फुलंवाले टोपल्या मांडत असतात, ओल्या फरशीवर अनवाणी पाय गार पडतात आणि आत घंटा वाजली की तळ्यावरची पाखरं एकदम उठतात. हे अकरा वाजता रिक्षातून उतरून मिळत नाही. पार्क चौकाजवळ उतरलात तर आई चहाआधी चालत दर्शन घेऊन येईल. वडिलांना चालवत नसेल तर रिक्षाने पाच मिनिटं.

संध्याकाळचंही तेच. चार पुतळ्यांपाशी थोडं थांबा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले आमचे चार हुतात्मे. १९३० साली इथे मार्शल लॉ लागला होता, त्या लढ्यातले. तिथून पार्कच्या बाजूला खाण्याच्या गाड्या लागतात, नवी पेठही जवळच. एवढं सगळं पायाखाली असताना दर वेळी रिक्षा शोधत बसायचं कशाला?

हायवेचं सांगतो, कारण चूक तिथेच होते. माझ्या आत्याला तिच्या मुलाने असंच फोटो बघून शहराबाहेरच्या एका हॉटेलात उतरवलं होतं. खोली छान, पार्किंग ऐसपैस. पण प्रत्येक वेळी गावात यायला गाडी बोलवायची, रात्री परतताना रिक्षावाला दुप्पट सांगायचा, आणि ट्रकच्या हॉर्नने आत्याला दोन्ही रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सोलापूर कसलं बघितलं मी, पुलाखालचा रस्ता बघितला." मला आजही ते लागतं. स्वतःची गाडी असेल आणि फक्त रात्रीपुरतं टेकून पुढे हैदराबादकडे जायचं असेल तर हायवे ठीक. तुम्हाला नाही.

स्टेशन आणि एसटी स्टँडजवळची लॉज एकट्या माणसाला सोयीची. तुमची गाडी रात्री साडेदहाच्या पुढे पोचते, म्हणून स्टेशनसमोरच उतरावं असं वाटणं साहजिक आहे. पण रेल्वे लाइन्स किंवा सात रस्ता तिथून रिक्षाने दहा मिनिटांच्या आत आहे. रेल्वे लाइन्सचा भाग तर जुन्या झाडांचा, रात्री शांत. फक्त हॉटेलला आधी फोन करून सांगा की अकराला पोचतोय. रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवून घ्या.

जुळे सोलापूर, आसरा, सैफुल ही राहत्या लोकांची वस्ती. नातेवाईक असतील तर जरूर राहा, विजापूरला जायचं असेल तरी सोयीचं. संभाजी तलावही त्या बाजूला, हिवाळ्यात पक्षी बघायला छान. पण देवळापासून लांब पडतं, म्हणून यावेळी नको.

अक्कलकोटला मुक्कामाचा मोह होईल. माझं मत, नको. अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. शनिवारी सकाळी लवकर निघा, स्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिरात दर्शन घ्या, दुपारी अन्नछत्रात प्रसाद घेऊन परत या. वडिलांसाठी खासगी गाडी करा. एसटी शिवाजी चौकाजवळच्या मुख्य स्थानकातून सुटते, पण चढ-उताराला गुडघे साथ देत नाहीत. तुळजापूर साधारण पंचेचाळीस किलोमीटर, पण ते त्याच दिवशी जोडू नका. पायऱ्या आहेत आणि गर्दीत उभं राहावं लागतं.

खरेदी रविवारी ठेवा, पण दुकानं उघडी आहेत का ते आदल्या दिवशीच विचारा. चादर घेताना ती उलटी करून बघा. खरी सोलापुरी चादर दुहेरी विणीची असते, म्हणजे पुढची नक्षी मागेही तशीच, रंग तेवढे अदलाबदल झालेले. एका बाजूला छापल्यासारखी आणि मागे फिकट दिसली तर ती नव्हे. हातात घेतली की वजन लागतं. वेळ उरला तर अशोक चौकाच्या पुढे पूर्व भागात चक्कर मारा, मागांची खटखट गल्लीगल्लीतून ऐकू येते आणि कानावर तेलुगू पडते. बहुतेक घरं पद्मशाली विणकरांची. शेंगाची चटणी आणि कडक भाकरीही घ्या, दोन्ही पुण्यापर्यंत आणि पुढेही आरामात टिकतात.

खोली पक्की करताना तीन गोष्टी स्पष्ट विचारा. लिफ्ट आहे का, आणि ती चालू आहे का. गरम पाणी किती ते किती. आणि पाण्याची साठवण पुरेशी आहे का, कारण आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये काही दिवस जातात. बोअरचं पाणी जड असतं, आईला पोटाचा त्रास होत असेल तर पिण्याचं वेगळं घ्या. मार्च ते मे मध्ये येणार असाल तर सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली घेऊ नका. पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला राहतो.

तारीख अजून ठरली नसेल आणि संक्रांत धरून येत असाल तर हिशोब वेगळा. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेत, हा सगळा पट्टा भरून जातो. बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणत चालतात, ते डोळ्यांनी बघावं असंच आहे. पण त्या दिवसांत देवळाजवळच्या होम मैदानाच्या बाजूला गाडी जात नाही आणि खोल्या खूप आधी संपतात. तेव्हा मात्र सात रस्त्याच्या पलीकडे, विजापूर रोडला उतरा आणि वडिलांसाठी मिरवणुकीच्या वाटेवर बसायला आधी जागा बघून ठेवा.

परतीची वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सुटते. रविवारी रात्रीच हॉटेलच्या माणसाकडून पाचच्या रिक्षाचं पक्कं करून घ्या आणि बिलही तेव्हाच चुकतं करा, पहाटे काउंटरवर बहुतेक कोणी जागं नसतं.