आळंदी ते पंढरपूर सायकलवर, डिसेंबरात, मुलीला घेऊन

तुम्ही विचारलंय की ठाण्याहून 6 दिवसांची सुट्टी काढून, 14 वर्षांच्या मुलीला सोबत घेऊन, आळंदी ते पंढरपूर सायकलनं जायचं आहे. दोघांनीही आजवर एका दिवसात 40 किलोमीटरच्या वर सायकल चालवलेली नाही. जमेल का? आणि पायी न जाता चाकावर गेलो तर वारीला कमीपणा येईल का?

जमेल. मी 2 वर्षांपूर्वी डिसेंबरात धाकट्या भावाबरोबर हा रस्ता 5 दिवसांत केला. साधारण 250 किलोमीटर होतात. आमच्यातही कुणी कसलेला सायकलपटू नव्हता.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण निघण्यापूर्वी तोच माझ्याही मनात होता. माझी आजी 11 वर्षं दिंडीत चालली. त्यामुळे मी याला वारी म्हणत नाही. दिंडीत, टाळ-मृदंगाच्या मागे, आषाढात पायी जातात ती वारी. पण वाट सगळ्यांची आहे. आज आपण बघतो तो पालखीचा थाट, अश्व, दिंड्यांचा क्रम, हे रूप हैबतबाबा आरफळकरांनी 19व्या शतकात दिलं. माउलींच्या पादुकाही रथातून जातात आणि तो रथ बैल ओढतात. चाकांना या वाटेवर कधीच मज्जाव नव्हता. तुम्ही सायकलवर जा, फक्त वाटेचं माप पाळा.

माप म्हणजे मुक्काम. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि मग पंढरपूर. ही गावं माणसाच्या पायांनी ठरवलेली आहेत. एका मुक्कामापासून पुढच्यापर्यंत कुठं 8 किलोमीटर, कुठं 20, कुठं 30. पालखीचे दोन-तीन मुक्काम मिळून सायकलचा एक दिवस होतो. बरेच जण शहरातून भल्या पहाटे निघून दीड-दोन दिवसांत पंढरपूर गाठतात. त्यांच्या दमाचं मला कौतुक आहे, पण तुम्ही मुलीला घेऊन तसं करू नका. नवा पालखी महामार्ग चौपदरी आहे आणि बऱ्याच गावांना बाहेरून वळसा घालतो. सरळ त्यावरून गेलात तर दुभाजक आणि हिरव्या पाट्यांशिवाय काही दिसणार नाही. बायपासचा फाटा आला की गावात शिरा. पालखीतळ, विठ्ठलमंदिर, चहाची टपरी, पंक्चरवाला, सगळं जुन्या रस्त्यावर आहे.

तारखा ठरवताना पंचांग बघा. कार्तिक वद्यात आळंदीला समाधी सोहळ्याची गर्दी असते. ज्ञानेश्वरांनी 1296 साली कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली, त्याची ती यात्रा. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला जेजुरी भरलेली असते, सोमवती अमावास्येलाही. हे दिवस टाळले तर राहायला खोली सहज मिळते.

आदल्या संध्याकाळी आळंदीला पोचा. धर्मशाळा पुष्कळ आहेत, खोली साधी असते, सायकल आत घेऊ देतात का ते आधीच विचारा. पहाटे काकड्याला देवळात जा. महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे, तिथं मुलीला थांबवून सांगा की ज्यांनी ही पालखी सुरू केली त्यांची समाधी पहिल्या पायरीला आहे. मग उजाडायच्या आत निघा, आणि जमलं तर रविवारीच. दिघी, विश्रांतवाडी, संगमवाडी आणि पुढे हडपसर हा पट्टा कामाच्या दिवशी लहान मुलीला घेऊन पार करण्यासारखा नाही. पुण्यात माउलींचा मुक्काम भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात असतो. तिथं दहा मिनिटं थांबा आणि शहराबाहेर पडा.

वडकी मागे पडली की समोर दिवे घाट उभा राहतो. सगळ्या वाटेवरची खरी चढण ही एवढीच, चार-साडेचार किलोमीटर. आषाढात इथं रथाला जादा बैलजोड्या लावतात, यावरून काय ते समजा. चढ अंगावर येणारा नाही पण संपतही नाही. सुरुवातीलाच सर्वांत हलक्या गिअरवर या, बोलता येईल एवढाच श्वास चढू द्या आणि प्रत्येक मोठ्या वळणावर उतरून पाणी प्या. उतरून सायकल ढकलण्यात काहीही कमी नाही, आम्ही दोनदा ढकलली. खाली मस्तानी तलाव दिसतो. आम्ही गेलो तेव्हा त्यावर धुक्याचा पातळ थर होता आणि भाऊ कठड्याशी उभा राहून आजीचं एक वाक्य आठवत होता. ती म्हणायची, घाटात शिरले की मला पुढच्या बाईच्या टाचाच दिसायच्या, डोंगर मी कधी पाहिलाच नाही. लाखोंच्या गर्दीत ती हा घाट 11 वेळा चढली आणि तिला तो दिसला नव्हता. आम्हाला सगळा दिसत होता, अगदी रिकामा. तिथून पुढे मी घाई केली नाही. घाटात वाहनं वेगात उतरतात आणि रुंदीकरणामुळे रस्त्याची कड ठिकठिकाणी बदललेली असते. मुलीला पुढे ठेवा, तुम्ही मागे राहा.

घाटमाथ्यावरून सासवडपर्यंत रस्ता सोपा आहे. पहिला मुक्काम सासवडला. कऱ्हेकाठी सोपानदेवांची समाधी आहे, संध्याकाळी तिथं बसा. संगमेश्वराचं देऊळही जवळच आहे. बाजारात पुरंदरचे अंजीर मिळाले तर घ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर खायला त्याच्यासारखं काही नाही.

दुसरा दिवस सासवड ते लोणंद, पन्नासेक किलोमीटर. जेजुरीत गड चढायचा की नाही हे पायांना विचारून ठरवा. चढलात तर भंडारा उधळताना सायकलच्या चेनपासून लांब राहा, हळद आणि तेल एकत्र झालं की चेन साफ करायला अर्धा तास जातो. जेजुरीनंतर दौंडजची खिंड, मग वाल्हे. वाल्मीकी ऋषींचं गाव म्हणून वाल्ह्याची ओळख सांगतात. तिथून नीरेपर्यंत बराचसा उतारच आहे. नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात आणि पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. पूल ओलांडण्याआधी थांबून खाली दत्तघाटाकडे बघा.

नीरेनंतर मुलूख बदलतो. मागे माळरान, बाजरीची खोडं, कोरडे ओढे आणि पुढे कालव्याचं पाणी. नीरा उजवा कालवा फलटण-माळशिरसकडे जातो, म्हणून तिथून दोन्ही बाजूंना ऊस. डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात. या वाटेवर मला खरी काळजी वाटली ती एवढीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर रुंदीच्या बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही, आणि चालकाच्या कानाशी मोठ्यानं लावलेली गाणी. त्याला तुमची घंटी ऐकू जाणार नाही. अशा ट्रॉलीच्या शेजारून पुढे काढायचं नाही. मागे अंतर ठेवून चालायचं, ती वळेपर्यंत थांबायचं. रस्त्यावर पडलेली उसाची कांडी चाकाखाली आली तर सायकल घसरते, आणि सकाळी दवानं ओलं झालेलं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, तर साबणासारखं असतं. बैलगाड्याही असतात, त्यांना मात्र वाट द्यावीशी वाटते. तरडगावच्या पुढे आम्ही ऊसतोड कामगारांच्या कोपींजवळ, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांजवळ, पाण्यासाठी थांबलो. एका बाईनं चुलीवरचा चहा दिला, पैसे घेतले नाहीत. तिनं विचारलं, ‘पंढरीला का?’ आणि हो म्हटल्यावर हात जोडले. ती मराठवाड्यातून सहा महिन्यांसाठी आलेली, पंढरपूर त्या कोपींपासून दोन-तीन दिवसांच्या सायकलवर, आणि हंगाम संपेपर्यंत तिला जाता येणार नव्हतं. तिनं दोन उसाची कांडकी आमच्या कॅरिअरला बांधून दिली, देवापुढे ठेवा म्हणून.

म्हणून या उसाच्या पट्ट्यात नियम एकच करा: सूर्य उगवल्यावर निघायचं, चार वाजता मुक्कामाला पोचायचं. अंधारात या पट्ट्यात सायकल चालवू नका. दोघांच्या अंगात चकाकणारी जाकिटं आणि मागे लाल दिवा दिवसाही लावलेला हवा. वारकऱ्यांसाठी बांधलेला कडेचा पदपथ जिथं सलग आणि मोकळा आहे तिथं मुलीला त्यावर घ्या.

तिसरा दिवस लोणंद ते नातेपुते, 65 ते 70 किलोमीटर, सगळ्यांत लांब. पण रस्ता जवळपास सपाट आहे. लोणंदच्या पुढे चांदोबाचा लिंब लागतो, पालखीचं पहिलं उभं रिंगण इथं होतं. माउलींच्या अश्वामागे लाखो लोक माना उंचावतात ती जागा डिसेंबरात अगदी शांत असते. आम्ही तिथं जेवणाचे डबे उघडले. फलटणला राममंदिर आणि नाईक निंबाळकरांचा राजवाडा बघून दुपारी सावलीत थांबा. सावली आता मुद्दाम शोधावी लागते. रुंदीकरणात या रस्त्यावरचे कितीतरी जुने वड गेले. पिढ्यान् पिढ्यांचे वारकरी ज्याखाली टेकले ते झाड नसतं तेव्हा पाट्या कितीही चांगल्या असल्या तरी मला तुटल्यासारखं होतं. जे वड उरलेत त्यांच्याखाली थांबा.

पंक्चरची तयारी जय्यत ठेवा. या बाजूला बाभळीचा काटा आणि सराटे, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या वेलीची काटेरी फळं, दोन्ही आहेत, आणि सराटे कडेच्या मातीत असतात, म्हणजे तुम्ही वाहनाला वाट द्यायला खाली उतरलात की हमखास. बरडच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. आम्ही ट्यूब बदलली, दोन किलोमीटरवर पुन्हा बसलं. गावातल्या पंक्चरवाल्यानं ट्यूबला हात लावण्याआधी टायर उलटा केला आणि आतून कापसाचा बोळा फिरवला. बोळा एका जागी अडकला. तिथं सराट्याचं मोडलेलं टोक होतं, डोळ्याला दिसत नव्हतं. ‘काटा काढल्याशिवाय ट्यूब बदलून काय उपयोग,’ तो म्हणाला. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवून त्यानं आणखी एक बारीक छिद्र शोधलं. तेव्हापासून माझ्या किटमध्ये कापूस असतो. शिवाय प्रत्येक सायकलला 2 जादा ट्यूब, पॅच, सोल्यूशन, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, ॲलन कीचा संच एवढं घ्या. सायकल महागडी लागत नाही. गिअरची साधी हायब्रिड किंवा एमटीबी (डोंगरी सायकल) चालेल, फक्त टायर फार बारीक नकोत. निघण्याआधी ब्रेक पॅड नवे घाला. सामान पाठीवर नको, कॅरिअरला बांधा.

चौथ्या दिवशी नातेपुते ते वेळापूर, 37 किलोमीटर, मुद्दाम लहान ठेवा. तोवर बैठक दुखायला लागलेली असते. वाटेत सदाशिवनगरला आणि पुढे खुडूसला गोल रिंगणाची मैदानं आहेत. वेळापूरचं अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळ चुकवू नका, हातात वेळ हवा तो याचसाठी.

शेवटच्या दिवशी तोंडले-बोंडलेजवळ देहूकडून येणारा तुकोबांचा पालखी महामार्ग येऊन मिळतो, मग भंडीशेगाव, बाजीराव विहीर, वाखरी. वाखरीत सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात. तिथून पंढरपूर अगदी जवळ आहे. आम्ही वाखरीला उतरलो आणि सायकली हातात धरून चालत निघालो, दीड-दोन तास लागले. आजी चालली तो थोडा तरी रस्ता पायांनी व्हावा एवढंच मनात होतं. तुमच्या मुलीचे पाय तयार असतील तर तिलाही विचारा.

गावात सायकली लॉजवर किंवा भक्तनिवासात ठेवूनच देवळाकडे जा, गल्ल्या अरुंद आहेत. पायांवर डोकं ठेवायचं तर रांगेत वेळ जातो, मुखदर्शन लवकर होतं. नामदेव पायरीला पाय लावायचा नाही हे मुलीला आधी सांगा. समोरच चोखोबांची समाधी आहे. त्या बाईनं दिलेली कांडकी आम्ही तिथंच ठेवली.

सरावासाठी तुमच्याकडे येऊरची चढण आहे. निघण्याआधी चार शनिवार-रविवार सलग दोन दिवस 35-40 किलोमीटर चालवा. सलग दुसऱ्या दिवशी बसता येणं हाच खरा सराव. मध्येच थकलात तर जेजुरी, नीरा, लोणंद ही पुणे-मिरज मार्गावरची स्थानकं आहेत. परतीला पंढरपूरहून पुण्याची एसटी मिळते, पुढचं चाक काढून सायकल डिकीत घालायची आणि कंडक्टरला सामानाचं तिकीट मागायचं. नाहीतर कुर्डुवाडीला जाऊन मुंबईची गाडी पकडा, सायकली पार्सल डब्यात जातात. त्यासाठी गाडीच्या वेळेआधी दोन तास स्थानकावर पोचा.