खानदेशातल्या १९५२ पासूनच्या निवडणुका अभ्यासायच्या आहेत. वाचनालयातले जुने नकाशे, अ‍ॅटलास उपयोगी पडतील का?

पडतील, पण जिल्ह्याचा नकाशा हाच मतदारसंघाचा नकाशा असं समजू नका. संदर्भ विभागात विद्यार्थ्यांची हीच चूक मी कायम बघतो. साक्रीचंच घ्या. तालुका धुळे जिल्ह्यात, लोकसभेचं मत नंदुरबारमध्ये. शिरपूरचंही तसंच. उलट मालेगाव आणि बागलाण नाशिक जिल्ह्यात असून धुळे लोकसभेत मोजले जातात, आणि रावेरमध्ये बुलढाण्याचं मलकापूर येतं. ही सगळी रचना २००८ च्या पुनर्रचनेची, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या तेव्हाची. एरंडोल लोकसभा मतदारसंघ तेव्हाच संपला, म्हणून २००४ आणि २००९ चे आकडे थेट शेजारी ठेवू नका.

वाचनालयात आधी हे मागा:
- जनगणनेची जिल्हा पुस्तिका. तालुक्याचा नकाशा आणि गावांची यादी दोन्ही असतात. १९७१ आणि २००१ ची हवीच, कारण १९७६ आणि २००८ ची पुनर्रचना याच आकड्यांवर झाली.
- पुनर्रचना आदेश. २००८ च्या आदेशात एकाहून जास्त मतदारसंघांत फुटलेल्या तालुक्याची महसूल मंडळं (तालुक्यातले गावांचे गट) नावानिशी दिली आहेत.

मग तालुक्याच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून मंडळं रंगवा. कंटाळवाणं आहे, पण धुळे ग्रामीण विधानसभा मतदारसंघ कुठे संपतो ते असंच कळतं. नावं मात्र जपून जुळवा: जुन्या नकाशातलं एदलाबाद म्हणजे आजचं मुक्ताईनगर, आणि १९९८ आधीच्या अ‍ॅटलासमध्ये नंदुरबार जिल्हा शोधून सापडणार नाही.